अकरा शर्ट

सकाळी साडेअकराला नझीर एकाच वेळी दोन ठिकाणी होता. चौलच्या घराच्या दारात बॅग घेऊन उभा होता, आणि आत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर निळा शर्ट घालून दोह्याच्या ऑफिसात बसला होता. माउसवर बोट ठेवून बसलेली बाई त्याची आई नव्हती. शेजारच्या वाडीतली नीराबाई होती.

चोरी पकडली गेली होती हे नक्की. कोणाची, ते ठरायला जरा वेळ लागला.

स्क्रीनच्या कोपऱ्यातली ती चौकोनी खिडकी, म्हणजे विजेट, नझीरनेच तीन वर्षांपूर्वी आईसाठी बनवली होती. कुलसुमबीला व्हिडिओ कॉल जमत नसे. फोन हातात धरला की समोरच्याला तिची हनुवटी तेवढी दिसे. म्हणून त्याने तीन छोटी फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे, लिहिली. कामावर पोचल्यावर तो जो फोटो पाठवी, तो पहिलं फंक्शन फोल्डरमधून उचलून आणी. दुसरं तो खिडकीत मावेल एवढा लहान करी. तिसरं खरं कामाचं. आईने फोटोवर टिचकी मारली की कालचा फोटो जाई, आजचा येई, आणि त्याच क्षणी नझीरला निरोप मिळे, 'पाहिला'. आई उठून बसलीय, धडधाकट आहे, हे त्याला त्या एका शब्दावरून कळे. तिलाही पोरगा कामावर बसलेला दिसे. दोघांचं छान चाललं होतं.

जानेवारीच्या शेवटी त्याची नोकरी गेली. आईला रक्तदाब. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढं त्याने पक्कं केलं. ओळखपत्र परत करायच्या आदल्या दिवशी तो अकरा शर्ट घेऊन ऑफिसात गेला. विनेश नावाच्या सहकाऱ्याने बसून त्याचे साठ फोटो काढले, मध्ये चहाही मागवला. नझीर अर्धवट काम करणारा माणूस नव्हे. भिंतीवरचं कॅलेंडर त्याने उतरवलं. घड्याळ फोटोत येऊ दिलं नाही. फोटो आरशासारखे उलटे करून साठाचे एकशे वीस करता आले असते, पण मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, आणि आयांना असलं बरोबर दिसतं. शेवटी त्याने चौथं फंक्शन लिहिलं. रोज ठरल्या वेळी एक फोटो सोडायचा, आणि लागोपाठ दोन दिवस तोच शर्ट येऊ द्यायचा नाही. त्यात एकदाही चूक झाली नाही. रोज 'पाहिला' येत राहिलं. शुक्रवारच्या फोनवर दोघंही 'मजेत आहे' म्हणत राहिले.

साठातले चाळीस फोटो संपले तरी दुसरी नोकरी मिळाली नाही, आणि व्हिसाची मुदत मात्र संपली. ईदच्या रजेवर आलोय, असं सांगायचं ठरवून नझीर विमानात बसला. फोटो बंद करायचे तेवढे राहून गेले.

"अम्मी कुठे आहे?" त्याने दारातूनच विचारलं.

"अलिबागला, दवाखान्यात," नीराबाई म्हणाली. "तुमचे रोजे लागल्यावर आठवड्याभरात पडवीत पडली. खुबा मोडला. आपरेशन झालं, आता बरी हाय."

"मग हे रोज..."

"मीच दाबते. तिनं बजावून ठेवलंय, दाबलं न्हाय तर पोरगा घाबरल. कोनाला बोलायचं न्हाय." तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग दाराकडे. "पन तू तर तिथं बसलायस."

नझीरने बॅग खाली ठेवली.

"पानी तरी घे," ती म्हणाली.

"रोजा आहे, काकी."

रात्रभरचा प्रवास करून आलेल्याला सूट असते. पण नझीरने दहाव्या वर्षापासून एकही रोजा सोडला नव्हता, अंगात ताप असतानाही. अख्ख्या आळीला हे ठाऊक होतं. नीराबाईने आग्रह केला नाही.

अलिबागला जाताना रिक्षात त्याला आधी आईचा राग आला. पंधरा दिवस खुबा मोडून पडलीय, आणि आपल्याला रोज 'पाहिला'. मग स्वतःचे साठ फोटो आठवले आणि तो राग गिळून बसला. लाज वाटायला लागली होती.

कुलसुमबी खाटेवर उशीला टेकून बसली होती. पोराला बघून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि हात पुढे केला. तो हातात धरून नझीर रडला. ईदच्या रजेचं बोलायचं तो विसरूनच गेला.

"मला कळवलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"आधीच तुझी नोकरी गेलेली. त्यात आणि माझा घोर कशाला?"

नझीरने डोळे पुसले. चौलमध्ये विनेशला कोणी ओळखत नव्हतं. फोनवर आपली जीभ एकदाही घसरली नव्हती, याची त्याला खात्री होती.

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच की," कुलसुमबी म्हणाली. "शर्ट रोज बदललेस, ते बरं केलंस. पण पहिल्या रोज्याला फोटो आला, त्यात तुझ्या मागच्या खिडकीत ऊन होतं, आणि तुझ्यापुढे अर्धा प्यालेला चहा."