सासूबाईंचं नाक

लॉजच्या बारा नंबरच्या खोलीत सिगारेटचा वास घालवायला ओझोनचं यंत्र दोन तास चाललं. मग सुनेने खिडक्या उघडल्या, हवा खेळू दिली आणि मॅनेजरला आत बोलावलं. ही खोली पास झाली, तर बाकीच्या एकोणतीस खोल्यांचं काम तिचं. नाही झाली, तर यंत्र विकायचं आणि पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली झाडलोट.

मॅनेजरने छाती भरून श्वास घेतला. "वा! कसा स्वच्छ वास येतोय. पास!"

पलंगाशी उभ्या सासूबाईंनी नाक मुरडलं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलंच काय होतं म्हणा! सुनेच्या स्वयंपाकापासून शेजारणीच्या साबणापर्यंत काहीच त्या नाकातून सुटलं नव्हतं.

"हा यंत्राचा वास," त्या म्हणाल्या. "तो जाईल उद्यापर्यंत. सिगारेट आहे तिथेच आहे."

"अहो आजी, मला तर काही येत नाही." मॅनेजर सुनेकडे वळला. "तुम्हीच सांगा. येतोय सिगारेटचा वास?"

'नाही' म्हटलं असतं, तर ते खोटंही ठरलं नसतं. मोह झाला तिला.

"मला कसलाच वास येत नाही," ती म्हणाली. "मध्ये ताप आला, तेव्हापासून नाक कामातून गेलंय."

"आणि धंदा वास घालवायचा?"

"म्हणून तर यांना आणते. यांनी कशालाही उगाच चांगलं म्हटलेलं मी बारा वर्षांत ऐकलं नाही. अजून चार तास द्या."

तिने बाह्या वर सारल्या. एसीची जाळी काढली. ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. जाळी घासली, पडदे उतरवून धुवायला दिले, यंत्र पुन्हा लावलं आणि बाहेरून दाराच्या फटीत टॉवेल कोंबला.

संध्याकाळी खोलीत वारा खेळून झाल्यावर मॅनेजर आला. दारातच थबकला.

"आजी, आधी तुम्ही."

सासूबाई आत गेल्या. गादीवर वाकल्या, कपाटात डोकं घातलं, एसीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर सुनेचा जीव टांगणीला लागला होता.

"हं," त्या बाहेर येत म्हणाल्या. "आता नावं ठेवायला जागा नाही."

मॅनेजर आत गेलाच नाही. त्याने एकोणतीस किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सुनेला ओलांडून सासूबाईंपुढे धरला.