मागचं करा

"एवढ्या पैशात सगळं बसणार नाही," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला. "एक तर पुढचे शॉकअप बदलू आणि रिव्हर्सचा कॅमेरा लावू, नाहीतर मागचे शॉकअप आणि मागची सीट. काय ते ठरवा, काका."

पैसे मुलाने पाठवले होते. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात, या वयात जुनी गाडी चालवतात, म्हणून कॅमेरा बसवून घ्या, असं त्याने फोनवर दोनदा बजावलंही होतं.

"मागचं करा," काका म्हणाले.

"अहो, पण मागं बसतं कोण?"

प्रश्न साधाच होता, पण काकांना झोंबला. "सूनबाई बसते. नातवंडं बसतात. मागच्या खेपेला तिची पाठ धरली, तर दुसऱ्या दिवशी पोरानं भाड्याची गाडी बोलावली! माझी गाडी दारात उभी, आणि मी त्या ड्रायव्हरच्या शेजारी पाहुण्यासारखा."

"आता कधी येणारेत?"

"ठरतंय."

गॅरेजवाला शहाणा माणूस, त्याने खोदून विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "पुढं तुम्ही बसता, काका. हाडं खिळखिळी होतील."

"माझ्या हाडांची काळजी सोड. कर म्हटलं ना!"

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी काकांनी नवाच हट्ट धरला. एरवी ट्रायलला गॅरेजवाला चालवतो आणि गिऱ्हाईक बाजूला बसून कान टवकारतं. इथे सगळंच उलटं. काका स्टिअरिंगवर आणि गॅरेजवाला मागे ऐसपैस, अगदी सूनबाई बसते त्याच जागी.

रस्ता म्हणजे खड्ड्यांची रांगच. पुढे काकांचे दात वाजत होते.

"लागला धक्का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो! झोपाळा आहे नुसता. पोरं झोपतील बघा इथं."

काका हरखून गेले. कितीतरी दिवसांनी गाडीत मागून कुणीतरी बोलत होतं. ते इतकं बरं वाटलं, की पुढचा खड्डा त्यांनी मुद्दाम घेतला आणि पुन्हा विचारलं. गॅरेजवाल्यानेही पुन्हा सांगितलं.

गॅरेजचं वळण आलं आणि गेलं.

"काका, वळण राहिलं की!"

"पुलावरून वळू. तिकडचा रस्ता जास्त खराब आहे, नीट कळेल."

तेवढ्यात गॅरेजवाल्याचा फोन वाजला. बायको होती. "हो गं, आलोच. नाही, गाडीतच आहे. तुम्ही घ्या ना जेवून... बरं बाई, थांबा मग." फोन खिशात टाकून तो पुढे वाकला. "जरा दामटा की, काका. घरी सगळे जेवायचे थांबलेत. उशीर झाला की बोलणी खावी लागतात मला."

काकांनी गाडी आणखी हळू केली. आरशात त्याच्याकडे बघत म्हणाले,

"खा की बोलणी. मला तर उशीर व्हायचाच बंद झालाय."