फर्गेटचं कार्ड

धाकट्या मालकांनी छपाईला जायची प्रुफं टेबलावर आपटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे, ताई?"

"कमेमोरेट," ताई म्हणाल्या. एकोणीस वर्षं इंग्रजी-मराठी कोशाची कार्डं लिहीत आल्यामुळे त्यांना सगळे कोशताईच म्हणत. "एखाद्याची आठवण चारचौघांत, मानाने जागवणे."

"अर्थ मला कळतो. खालचं उदाहरण वाचा."

ताईंनी चष्म्याशिवायच वाचलं. वाक्य त्यांचंच होतं. "'चाळीस वर्षं हा कोश रचणाऱ्या मोठ्या बाईंची आठवण आम्ही या पानावर जागवतो, कारण पहिल्या पानावर त्यांना जागा उरली नाही.'"

पलीकडे अक्षरजुळणीच्या यंत्रावर बसलेले काका उगाचच खोकले.

जागा उरली नाही, हे ताईंनी फारच सभ्यपणे लिहिलं होतं. मोठ्या बाई वारल्या त्याला अजून वर्ष झालं नव्हतं, आणि नव्या आवृत्तीवर संपादक म्हणून मालकांच्या मेहुण्यांचं नाव चढलं होतं. मेहुण्यांनी कोशासाठी काय केलं, तर मुखपृष्ठाचा रंग निवडला. ते पान पाहिलं त्या दिवशी ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरायचं नाव घेत नव्हती.

"साधं काहीतरी लिहा ना," मालक म्हणाले. "राजाच्या स्मरणार्थ पुतळा उभारला. विषय संपला."

"राजांना पुतळे पुष्कळ आहेत. आणि मी एकही उभारला नाही."

हा मोठ्या बाईंचा नियम. दर शब्दाला एक कार्ड, वर अर्थ, खाली वापर. वापराचं वाक्य मात्र लिहिणाऱ्याने स्वतः केलेल्या गोष्टीचंच हवं. ऐकीव चालायचं नाही. 'डाइव्ह'चं उदाहरण लिहिण्यासाठी बाईंनी साठाव्या वर्षी तलावात सूर मारला होता, असं काका शपथेवर सांगत.

मालकांनी लाल पेनाने वाक्य खोडलं. "झालं? करा सही." कार्ड लिहिणाऱ्याच्या सहीशिवाय छापखाना पान घेत नसे.

ताईंनी सही केली नाही. त्यांनी खणातून कार्डांचा गठ्ठा काढला आणि पत्ते वाटावेत तशी एकेक समोर टाकली. "हे रिमेंबर. हे रिमाइंड. हे रेकलेक्ट. आठवणीचे नऊ शब्द आहेत कोशात, आणि नऊही पानांवर बाई आहेत. खोडा. लाल शाई पुरेल ना?"

"ताई, नोकरी जाईल."

"जाऊ दे की. 'डिसमिस'चं उदाहरण तसंही जुनं झालंय." आवाज जरा कापला आणि ताईंना स्वतःचाच राग आला.

मालक कार्डं चाळू लागले. 'रिकॉल'पाशी त्यांचा हात थांबला. खाली लिहिलं होतं : 'याच टेबलाशी बसवून बाई धाकट्या मालकांकडून इंग्रजीची पहिली अक्षरं गिरवून घेत, तेव्हा पेन्सिलीला टोक मीच करून देई, हे मला पक्कं आठवतं.' ते त्यांनी दोनदा वाचलं आणि घाईघाईने पालथं घातलं. त्याखालचं शेवटचं कार्ड उचललं.

'फर्गेट. विसरणे.' वापराची ओळ कोरी होती.

काहीतरी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "आणि हे? उद्या छपाई, आणि हे अर्धवट?"

"खूप प्रयत्न केला," ताई म्हणाल्या. "मला काही जमलं नाही."

त्यांनी आपल्या पेनाचं टोपण काढलं, पेन त्या कोऱ्या ओळीवर ठेवलं आणि कार्ड मालकांच्या पुढ्यात सरकवलं. "ज्याने केलंय, त्यानेच लिहायचं. नियम आहे."

मग काकांनी खुर्ची यंत्राकडे ओढली आणि दोन्ही हातांची बोटं कळांवर ठेवली.

"सांगा साहेब," ते म्हणाले. "काय घालू?"