कोमट तेल

कोमट तेलाची वाटी जवळ ओढत न्हाऊ घालणाऱ्या राहीबाई म्हणाल्या, “नाकात दोन थेंब सोडते, बघ कसं मोकळं होतं.”

“नाकात तेल नको,” म्हणत तिने त्यांच्या पसरलेल्या पायांवरून आपलं वीस दिवसांचं बाळ उचललं.

नाक चोंदल्यामुळे बाळाला दूध ओढता येत नव्हतं. सकाळपासून एकदोन घोट घेतले की ते रडू लागे.

“तुझ्याही नाकात यांनीच तेल घातलं होतं,” तिची आई चिडली. “मेलीस का?”

“आई, एवढी लहान बाळं नाकानेच श्वास घेतात. तेल छातीत उतरलं तर?”

“न्हाऊ घालायलाही आता बुकं शिकवतात वाटतं!” राहीबाई हसल्या.

तिने डॉक्टरांनी दिलेल्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकपुड्यांत सोडले आणि थांबली. बाळ शिंकलं. सैल झालेला शेंबूड टिपून तिने त्याला छातीशी लावलं. या वेळी त्याने दूध ओढणं थांबवलं नाही. गिळण्याचा आवाज तिघींनाही ऐकू आला.

राहीबाईंनी पदर झटकला. “मग उद्यापासून मी कशाला यायचं?”

“मालिश करायला. तुमच्यासारखी मला जमणार नाही,” ती म्हणाली. “फक्त नाकाला हात लावायचा नाही.”