भिंतीचा रंग

पिल्लू पांढुरकं पडलं होतं आणि अपूर्व ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होता.

"बघ मावशी, भिंतीचा रंग घेतलाय त्याने."

हेमामावशी आणि गुरुदत्तकाका डोंबिवलीहून कोलशेतला भाच्याचा नवा फ्लॅट बघायला आले होते. फ्लॅट बघून झाला होता. आता हॉलच्या कोपऱ्यातला उभा पिंजरा बघायचा होता. काकांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा पिल्लाकडे, आणि साडीला ब्लाउजपीस जुळवावा तसा रंग अगदी जुळत असल्याचा निर्वाळा दिला. मावशीला हा सरडा फार गोड वाटला. सरडा नाही, कॅमेलिऑन, असं अपूर्वने तिला सांगितलं. तिने ते मान्य केलं आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सरडा म्हणाली.

ऋजुता कोकम सरबताचा ट्रे घेऊन दारात उभी होती. नवरा सांगतोय तसं काही नाही, हे तिला ठाऊक होतं. पिल्लू उष्म्याने फिकं पडलं होतं. रंग उडणं, तोंड उघडं टाकणं, दिव्यापासून दूर तळाशी जाऊन बसणं, ही लक्षणं डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितली होती. अपूर्व तेव्हा दवाखान्यातल्या इग्वानाचा फोटो काढत होता.

"तोंड का रे उघडं त्याचं?" मावशीने विचारलं.

"हसतोय तुला बघून."

मावशी खूश झाली.

मग अपूर्वने यंत्रणा समजावली. जाळीचा पिंजरा, पण एसीने हवा कोरडी होते, म्हणून तिन्ही बाजूंनी फ्रिजमधल्या वाट्यांवर ताणतात तसलं पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं. वर उबेचा दिवा. बाजूला धुकं सोडणारं यंत्र. हवा गार झाली की मीटर दिवा पेटवणार, कोरडी झाली की धुकं सोडणार. माणसाने हात लावायची गरज नाही. हे सगळं त्याने एका परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून बसवलं होतं. त्या माणसाच्या खिडकीतून वाळवंट दिसायचं. अपूर्वच्या खिडकीतून खाडी दिसत होती आणि मे महिना चालू होता.

मीटर मात्र पिंजऱ्यात नव्हता. आत त्याची वायर लोंबते, फोटोत वाईट दिसते, म्हणून अपूर्वने तो भिंतीवर लावला होता, बरोबर एसीच्या खाली. मीटर दिवसभर एसीचा वारा मोजायचा आणि गार आहे, कोरडं आहे असं कळवायचा. दिवा पेटायचा. धुकं सुटायचं. कुणी कढत पाण्याने आंघोळ करून बाहेर पडावं आणि बाथरूमचं दार लावून घ्यावं, तशी प्लास्टिकच्या आतली हवा झाली होती. ऋजुताने हे सकाळीही सांगितलं होतं. अपूर्वने तिला मीटर दाखवला होता.

आताही ट्रे ठेवता ठेवता ती म्हणाली, की आत उकडतंय, प्लास्टिक काढ. अपूर्व पाहुण्यांकडे बघून हसला. बायकांना काळजी करायची सवयच असते, असं ते हसू होतं.

"चोवीस डिग्री आहे ऋजुता. समोर लिहिलंय."

ऋजुताने रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

सरबत संपेपर्यंत मावशी पदराने मान पुसू लागली. काकांनी वरचं बटण काढलं. मीटरचा आकडा चोवीसवरून सव्वीसवर गेला, मग एकोणतीसवर, आणि पिंजऱ्यावरचा दिवा आपोआप विझला. आता कुणाला काही सांगायची गरज नाही, असं ऋजुताला वाटलं.

अपूर्वने मीटर भिंतीवरून काढला आणि तळहातावर दोनदा आपटला. सेन्सर गेला, तो म्हणाला, चायनाचा माल. काकांनी लगेच मान डोलावली. त्यांनीही एकदा चायनाची विजेरी घेतली होती, तिचं पुढे काय झालं ते त्यांनी सविस्तर सांगितलं. ते सांगत असताना अपूर्वने फोनवरून दिवा पुन्हा पेटवला, कारण पिल्लाला थंडी वाजली असती.

ऋजुताने प्लगच उपटला. प्लास्टिक फाडलं तेव्हा वाफ तिच्या तोंडावर आली. फांदीसकट पिल्लू उचलून तिने ते बाल्कनीत सावलीला नेलं. त्याची शेपटी फांदीला गुंडाळलेली नव्हती, एक पाय हवेत तसाच लोंबत होता. दुसऱ्या हाताने तिने डॉक्टरांना फोन लावला. ताबडतोब घेऊन या, डॉक्टर म्हणाले, आणि त्याला डोळे मिटताना बघितलंत तर एक मिनिटही थांबू नका, हा प्राणी धडधाकट असेल तर दिवसा झोपत नाही.

तिघेही तिच्या मागोमाग बाल्कनीच्या दारात येऊन उभे राहिले होते. अपूर्वचा फोन व्हिडिओ घेत होता.

पिल्लाचा एक डोळा मिटला. मग दुसरा.

"झोपला बघ," अपूर्व हलकेच म्हणाला. "मोकळी हवा लागली ना. दमला होता."

मावशीचा आवाज लगेच खाली आला. काकांनी खाकरायचं होतं ते गिळून टाकलं. दार अडवून तिघेही अशा बेताने उभे राहिले, जणू घरात आत्ताच कुणी तान्हं बाळ निजवलंय.

"बाजूला व्हा. गाडीची किल्ली दे," ऋजुता म्हणाली.

अपूर्वने ओठांवर बोट ठेवलं.