फुगलेली अक्षरं

दुरुस्तीवाला टेबलाखालून बाहेर आला आणि गुडघे झटकत म्हणाला की वायर ठीक आहे, मॉनिटरही ठीक आहे. बिघाड असा काही नाहीच.

बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. काल चांगला पांढराशुभ्र होता. आज सगळा काळाकुट्ट आणि त्यावर वाटाण्याएवढी पांढरी अक्षरं. बाई वकिलांचे कागद घरी टाइप करून देत. अर्धं पान पडद्याबाहेर पळाल्यावर टाइप करायचं तरी कुठं?

त्यानं चार ठिकाणी टिचक्या मारून सगळं पूर्ववत केलं. कीबोर्डवरची दोन-तीन बटणं एकदम दाबली गेली की होतं असं, म्हणाला. कुणी पुसायला घेतला होता का?

घरात माणसं तीनच. बाई, शाळेची बस चालवणारा त्यांचा मुलगा आणि लग्नाला अजून वर्षही न झालेली नवी सून. संध्याकाळी संगणक मोकळा झाला की सून त्यावर परीक्षेचा अभ्यास करी आणि उठताना फडकं मारी. आताही ती चहा घेऊन दारात उभी होती.

“हात जरा हलका ठेवता येत नाही का ग?” बाईंनी परक्या माणसादेखत विचारलं.

सुनेनं चहा ठेवला आणि आत गेली.

चार-आठ दिवसांत पुन्हा तसंच झालं. जेवताना बाईंनी सांगून टाकलं की आजपासून तिनं संगणकाला हात लावायचा नाही. परीक्षा तोंडावर आली होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी बोलून गेल्या.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“जाऊ दे ना आई,” तो ताटातून मान वर न काढता म्हणाला. “जुना झालाय मॉनिटर. मोठा घेऊन टाकू.” पेला घेताना त्याचा हात आपटला आणि पाणी सगळीकडे झालं.

“माझंच बोट लागलं असेल,” सून पाणी पुसता पुसता म्हणाली.

त्या रात्री दोघांची खोलीत कुजबूज चालली होती. बाईंना वाटलं, आपल्याच तक्रारी. सकाळी सून माहेरी निघाली. तिथं निवांत अभ्यास होईल म्हणाली. बॅग मात्र निवांत अभ्यासापेक्षा बरीच मोठी होती.

आणि ती गेल्यावरही पडदा काळा झाला.

बाई खुर्चीत बसूनच राहिल्या. प्रार्थनेला बसल्या तर डोळे मिटताच सुनेची खाली घातलेली मान दिसे. देवापुढे तोंड कुठं लपवणार? मग त्यांनी दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावलं.

या वेळी त्यानं बराच वेळ आत शिरून पाहिलं. चुकून झालेलं नाही, म्हणाला. हे चालू करताना संगणक विचारतो, करू का म्हणून. त्याला कुणीतरी हो म्हटलंय. अक्षरांचा आकारही कुणीतरी मुद्दाम वाढवलाय, माउसचा बाणसुद्धा जाड केलाय.

मुलगाच, दुसरं कोण? बायको निर्दोष ठरावी म्हणून आई चुकल्याचं त्यानं असं दाखवून दिलं असणार. बाईंना राग आला नाही. उलट वाटलं, माझ्या पोराला बोलायची चोरी व्हावी, इतकी का मी कजाग झाले?

दुरुस्तीवाला जाताना घुटमळला. “बाई, एक सांगू? ज्यांची नजर अधू होते त्यांच्यासाठी असते ही सोय. तुम्ही केलं असेल तर लाजू नका. वयानं होतंच.”

“माझा चष्मा ठणठणीत आहे,” बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मग त्यांनी सुनेला फोन लावला. शब्द आधी जुळवले होते, ते ऐन वेळी सगळे पांगले.

“चुकले ग मी,” त्या म्हणाल्या. “परक्यासमोर तुझा पाणउतारा केला. तुझा हात लागलाच नव्हता. तू ये, इथंच अभ्यास कर. संगणक आधी तुझा, मग माझा.”

सून रडत असेल, असं वाटून बाईंनीच विषय हलका केला. तुझ्या नवऱ्याचे उद्योग आहेत हे, म्हणाल्या. तू गेल्यापासून तर अक्षरं दुप्पट करून ठेवलीत.

“दुप्पट?” सून म्हणाली. मग तिचा आवाज अगदी खाली गेला. “आई, त्यांनी मला शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही. ते सगळं नंतर सांगते. आधी सांगा, ते आज शाळेची बस घेऊन गेलेत का?”