तरवडाच्या दोन पाकळ्या

ज्ञानबाची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मायाक्का शेवटचं घोंगडं गुंडाळत होती. गाडी रिकामी होती. बिऱ्हाड न्यायलाच ती आली होती.

“अक्का, आवरलं का?” ज्ञानबाने खाली न उतरताच बहिणीला, केराबाईला विचारलं.

“आवराय हाय काय?” केराबाई म्हणाली. “उतर. आदी द्येवाचा कौल, मग गाडी.”

“आता कौल कशाला? ठरलंय की.”

“चार पिढ्या हितं मेंढरं राखली. त्याला न पुसता उठू व्हय?”

ज्ञानबा उतरला.

वाडीत राहण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. रोगाने मेंढरं गेली. जगली ती केराबाईच्या मुलाने, धुळाने, मंद्रूपच्या बाजारात विकून टाकली. जायचं हे नक्की होतं. कुठे, एवढाच प्रश्न होता.

मैंदर्गीला ज्ञानबा विहिरीखालचं रान कसायला देत होता. सोलापुरात धुळाचा मित्र महिपती गिरणीत होता. नवराबायको दोघांनाही काम लावून देतो, असा त्याचा निरोप आला होता. चाळीत एक खोली आणि पोरांना जवळच शाळा.

मैंदर्गीच्या रानाबरोबर एक अट होती. धुळाची मुलगी कस्तुरा ज्ञानबाच्या मुलाला द्यायची. कस्तुरा आठ वर्षांची होती. मुलगा तिशीतला होता आणि त्याची पहिली बायको वारली होती.

धुळाने दोन्हीकडे मान डोलावली होती. त्याची बायको मायाक्का मागच्या खेपेला ज्ञानबासमोर एकदाच बोलली, “पोर ल्हान हाय अजून.”

“मी सात वर्साची आले ह्या घरात,” केराबाई म्हणाली होती. “नवऱ्याच्या मिशा तवाच पिकल्या हुत्या. मेले का मी?”

ज्ञानबा हसला होता. 

निघताना धाकट्या बाळासोने भाकरीबरोबर गूळ मागितला. मायाक्काने गाडग्यात हात घातला. गाडगं रिकामं होतं.

“काल खडा हुता की,” ती म्हणाली. “उंदरानं न्हेला वाटतं.”

बाळासोने कोरडी भाकरी खाल्ली आणि सगळे माळावर गेले.

कौलाची रीत साधी होती. बिरोबाच्या दगडाला दोन्ही अंगांना तरवडाची एकेक ओली पाकळी चिकटवायची. जी आधी गळेल, तो देवाचा शब्द. मागणं पुजाऱ्याने मागायचं, पाकळ्या घरातल्या थोरल्या माणसाने लावायच्या. थोरली केराबाई होती.

“उजवी मैंदर्गी, डावी सोलापूर,” पुजारी रावजी म्हणाला. “कुटं जावं, सांग बाबा. ल्येकरंबाळं संगं हाईत.”

केराबाईने पदरातून पाकळ्या काढल्या, तांब्यात बोटं बुडवली. मायाक्का तिच्या बोटांवरून नजर काढत नव्हती. सासू उजवी पाकळी सैल ठेवणार, हे ती धरूनच चालली होती. पण केराबाईने दोन्ही पाकळ्या सारख्याच अंगठ्याने दाबल्या आणि मागे सरली.

तरीही मायाक्काचा जीव खालीवर होत होता. ऊन उजव्या अंगावर पडलं होतं. ओलं आधी तिकडे वाळणार. धुतलेली लोकर वाळत घालण्यात जन्म गेलेल्या बाईला ते कळत होतं. तिने कस्तुराचा हात धरला. 

 ज्ञानबा उजव्या पाकळीकडे बघत तंबाखू मळत होता.

डाव्या पाकळीची कड उचलली गेली. मग ती खाली पडली.

“सोलापूर,” रावजी म्हणाला.

केराबाईने कपाळावर हात मारून घेतला. “माज्या भावाच्या दारात काय काटं हुतं रं बिरोबा? ह्या वयात गिरणीच्या धुरात घालतूस व्हय मला?”

“जरा थांबा की,” ज्ञानबा म्हणाला. “ही बी सुटंल.”

“आदी गळंल ती खरी, पाव्हणं. मग हिला काय इचारायचं?” रावजीने उजवी पाकळी नखाने खरवडून काढली. तिचे तुकडे झाले. “लई घट्ट धरली हुती द्येवानं.”

ज्ञानबाने तंबाखू झटकून टाकली. “द्येवाम्होरं कुणाचं चालतंय? तुज्यावर राग न्हाय, अक्का. तू तर माज्याच बाजूची.”

“व्हय की,” केराबाई डोळे पुसत म्हणाली.

मायाक्काने दगडासमोर डोकं टेकलं ते तिला लवकर उचलवेना.

गाडी आलीच होती, म्हणून ज्ञानबाने त्यांना मंद्रूपपर्यंत सोडलं. निरोप घेताना केराबाई त्याच्या गळ्यात पडून रडली. पुढची सगळी वाट ती देवाला बोल लावत होती. धुळा ऐकून घेत होता. कस्तुरा पुढे पळत होती आणि मायाक्काला कधी नव्हे ते चालायला हलकं वाटत होतं.

दिवस मावळायच्या आत महिपतीने खोली उघडून दिली. गिरणीचा भोंगा झाला तसा बाळासो दचकला आणि मग हसायला लागला.

“खुराड्यागत खोली,” केराबाई म्हणाली. भिंतीला टेकून ती बसली आणि कस्तुराला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालू लागली.

“आत्याबाई, तुमच्या पदराला मुंग्या लागल्यात,” मायाक्का म्हणाली.

“झटक मग.”

मुंग्या पदराच्या गाठीतून येत होत्या. मायाक्काने गाठ सोडली. आत गुळाचा खडा होता, एका बाजूने ओला होऊन झिजलेला. त्या बाजूला तरवडाच्या चार-पाच पाकळ्या बसल्या होत्या. तिने एक ओढली. ती फाटली, पण निघाली नाही.

मायाक्काने सासूकडे पाहिलं. केराबाईने वेणीवरून नजर उचलली नाही.

“घट्ट धरतोय का न्हाय,” ती म्हणाली, “आदी बघाय नको?”